‘तुम्ही आलात कधी?’ : फ्रेंचमधला प्रश्न आणि आपले वर्ग



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी विचारलं, ‘‘फ्रेंचमध्ये प्रश्न कसा विचारायचा, यावर तासभर बोलणार? ते तर पुस्तकात दोन पानांत असतं.’’ (हशा) खरं आहे. दोन पानांतच असतं. आमची तक्रार त्या दोन पानांबद्दलच आहे. बोलणारं तोंड आज एकच असलं तरी हे टिपण आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून केलं आहे. तिघांनीही ती दोन पानं वर्षानुवर्षं शिकवली आहेत, तेव्हा टीका होईल ती आधी आमच्यावरच.

सुरुवात एका विद्यार्थिनीपासून करतो. सांगली जिल्ह्यातल्या एका गावची मुलगी. शाळा मराठी माध्यमाची, नंतर पुण्यात येऊन फ्रेंच शिकली, परीक्षांत उत्तम गुण मिळवले आणि पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला गेली. पहिल्याच आठवड्यात एका कचेरीच्या खिडकीशी उभी होती. आतल्या बाईंनी कागद चाळत, वर न बघता विचारलं : ‘वुझ् एत् आरिव्हे काँ?’ शब्दशः, ‘तुम्ही आलात कधी?’ आणि आमची ही हुशार मुलगी गप्प उभी राहिली. तिला वाटलं, बाई काहीतरी विधान करतायत, वाक्य अजून पुरं व्हायचंय. बाईंनी पुन्हा तेच विचारलं, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा इंग्रजीत. तिने उत्तर दिलं, पण बाहेर येऊन रडली. रात्री आम्हाला लिहिलं : ‘‘सर, शब्द सगळे कळले होते. तो प्रश्न आहे एवढंच कळलं नाही.’’

हे वाक्य आम्हाला लागलं. कारण तिचं चुकलं नव्हतं, आमचं चुकलं होतं. आम्ही शिकवलं होतं की ‘कधी’, ‘कुठे’, ‘कसं’ हा शब्द फ्रेंचमध्ये वाक्याच्या तोंडाशी येतो आणि त्याच्यामागून क्रियापद उलटं फिरतं : ‘काँत् एत-वू आरिव्हे?’ ती त्याची वाट बघत होती. आणि बाईंनी वापरली ती रचना तर थेट मराठीची आहे! ‘तुम्ही आलात कधी?’ यात एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागत नाही. जन्मापासून जी रचना तिच्या कानात होती, ती आमच्या दोन पानांनी तिच्या कानातून काढून टाकली होती.

आता ती दोन पानं काय म्हणतात ते पाहू. ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांनी घाबरू नये, तीनच वाक्यं लक्षात ठेवायची आहेत. ‘तू येतोस का?’ हे विचारायचे तीन मार्ग. पहिला : वाक्य तसंच ठेवायचं आणि सूर शेवटी वर न्यायचा, ‘त्यु व्यँ?’ आपण नाही का म्हणत, ‘येतोस?’ अगदी तसं. दुसरा : पुढे एक ठोकळा लावायचा, ‘एस् क त्यु व्यँ?’ हिंदीत वाक्याच्या सुरुवातीला ‘क्या’ लावतात, त्याच्या जवळचं काम. तिसरा : क्रियापद पुढे आणि सर्वनाम मागे, ‘व्यँ-त्यु?’ म्हणजे ‘येतोस-तू?’ याला उलट क्रम म्हणतात. पुस्तकात या तिघांचा एक तक्ता असतो. खाली लिहिलेलं असतं की अर्थ एकच, फक्त पहिला अनौपचारिक, दुसरा सर्वसाधारण, तिसरा औपचारिक. आणि त्याखाली स्वाध्याय : पुढील वाक्ये तिन्ही प्रकारे प्रश्नार्थक करा.

आमचा पहिला आक्षेप ‘अर्थ एकच’ याला आहे. मराठीत ‘येतोस?’, ‘येतोस का?’, ‘येतोस ना?’, ‘येतोस की नाही?’ आणि ‘आपण येणार का?’ यांचा अर्थ एकच, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. विचारणारा कोण, ज्याला विचारलं तो कोण, विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे की नाही, हे सगळं त्या एकेका अक्षरात असतं. ‘येतोस ना?’ विचारणाऱ्याने चहा आधीच टाकलेला असतो. (हशा) फ्रेंचमध्येही तसंच आहे. तक्त्यात मात्र ते तीन प्रकार औषधांच्या दुकानातल्या तीन बाटल्यांसारखे ओळीने उभे असतात. गोळी कुठली कुणाला, हे कुणी सांगत नाही.

हे तीन प्रकार आले कुठून, हे थोडं पाहावं लागेल. कारण इतिहास कळला की ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांचा दरारा कमी होतो. जुन्या फ्रेंचमध्ये प्रश्नात क्रियापद पुढे यायचं आणि कर्ता मागे जायचा, मग तो कर्ता नाम असो की सर्वनाम. पुढे नामाला मागे जायचा कंटाळा आला. आज ‘पिएर येतो का?’ हे औपचारिक फ्रेंचमध्ये विचारायचं तर म्हणतात : ‘पिएर व्यँतिल?’ म्हणजे ‘पिएर येतो-तो?’ कर्ता पुढे आहेच, वर त्याचं सर्वनाम मागे पुन्हा. मुलं विचारतात, ‘‘सर, पिएर दोनदा कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की जुनी सवय सुटली नाही आणि नवी तर लागली, म्हणून दोन्ही राहिल्या.

त्याहून गमतीची गोष्ट त्या ‘त’ची. ‘तो बोलतो का?’ हे ‘पार्ल-तिल?’ असं होतं. ‘पार्ल’ हे क्रियापद, ‘इल’ म्हणजे तो. मधला ‘त’ कुणाचा? कुणाचाच नाही. ‘एतिल’, ‘व्यँतिल’ अशा रूपांत क्रियापदाच्या शेवटी ‘त’ होताच, तो सर्वनामाला जोडून उच्चारला जायचा. ते ऐकून ऐकून लोकांनी जिथे ‘त’ नव्हता तिथेही घातला. आधी लोक तो बोलत होते, व्याकरणकारांनी मान्यता नंतर दिली. म्हणजे आज ज्या रूपाला आपण सगळ्यात शुद्ध म्हणून शिकवतो, त्याच्या पोटात लोकांनी केलेली एक ‘चूक’ बसलेली आहे.

लोक तिथेच थांबले नाहीत. बोलताना ‘इल’मधला ‘ल’ गळतो, मग ‘तिल’चं झालं ‘ती’. कानाला वाटू लागलं, हा ‘ती’ म्हणजेच प्रश्नाची खूण. मग तो ‘तो’पुरता राहिला नाही, ‘मी’ला आणि ‘तू’लाही लागू लागला. म्हणजे काय झालं? फ्रेंचला चक्क आपला ‘का’ मिळाला! वाक्य सरळ ठेवा, क्रियापदामागे एक अक्षर लावा, झाला प्रश्न. गास्तों पारिस या थोर भाषाभ्यासकाने १८७७ साली ‘रोमानिया’ या नियतकालिकात या ‘ती’वर टिपण लिहिलं, प्रश्नाची खूण म्हणून त्याची नोंद घेतली. पण शाळेने त्याला गावंढळ ठरवलं. फ्रान्समध्ये तो खेड्यापाड्यांत आणि विनोदी पात्रांच्या तोंडी उरला, मग जवळजवळ गेलाच.

तो जगला अटलांटिकच्या पलीकडे, कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. तिथे त्याचं रूप ‘त्यु’ झालं, उच्चारात ‘त्सु’कडे झुकणारं. ‘पाऊस पडतोय का?’ याला तिथे ‘इल प्ल-त्सु?’ म्हणतात. ‘लांब आहे का?’ याला ‘से-त्सु ल्वँ?’ हा ‘त्सु’ म्हणजे ‘तू’ नव्हे, पावसाला कुणी अरेतुरे करत नाही. तो आपला ‘का’ आहे, जागासुद्धा तीच. आमच्या ओळखीतला एक मराठी मुलगा माँट्रियलला गेला. त्याने सांगितलं, ‘‘पॅरिसच्या लोकांना जे अजब वाटतं ते मला आठवड्यात बसलं.’’ आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. क्वेबेकमधली दुसरी गंमत अशी की तिथे ‘तू’ला विचारताना उलट क्रमही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. ‘व्हो-त्यु?’, म्हणजे ‘हवंय तुला?’, हे तिथे घरात, स्वयंपाकघरात ऐकू येतं. पॅरिसमध्ये तेच पुस्तकी वाटू शकतं. तेव्हा ‘उलट क्रम म्हणजे औपचारिक’ हा नियमसुद्धा गाव बदललं की बदलतो. तक्त्यात गावाचा रकाना नाही.

राहिला मधला ‘एस् क’. त्याचा मूळ अर्थ ‘असं आहे का, की…’. सोळाव्या-सतराव्या शतकात तो रुळला. ‘मी’च्या प्रश्नांत त्याने मोठी सोय केली, कारण बहुतेक क्रियापदांना ‘मी’ मागे लावला की फ्रेंच कानालाच खटकतं. तीनही प्रकारांत हा सर्वांत बिनधोक. कचेरीत चालतो, बाजारात चालतो, वर्गात चालतो. विद्यार्थी हाच धरून बसतात आणि त्यात चूक काही नाही. मात्र मग ‘तू काय करतोस ते मला माहीत नाही’ अशा वाक्यातही ते त्याला घुसवतात, तिथे तो नको असतो.

आता प्रश्न असा की लोक खरंच जसं बोलतात त्याला चूक म्हणायचं की आणखी काही? या बाबतीत एका पुस्तकाचं नाव आम्हाला घ्यावंच लागेल. जिनीव्हाचे भाषाशास्त्रज्ञ आंरी फ्रे यांनी १९२९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा मराठी अर्थ होतो ‘चुकांचं व्याकरण’. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लोक उगाच चुकत नाहीत. भाषेत काहीतरी गैरसोय असते, ती दूर करण्यासाठी चुकतात. उलट क्रमात शब्दांची जागा बदलावी लागते, सरळ क्रमात ती स्थिर राहते, म्हणून बोलणारा सरळ क्रमाकडे जातो. यात आळस नाही, सोय आहे.

पण फ्रे यांनी ही ‘चुकीची’ वाक्यं गोळा कुठून केली? त्यांतला मोठा भाग पहिल्या महायुद्धातल्या पत्रांचा होता. जिनीव्हात युद्धकैद्यांची माहिती देणारी संस्था होती, तिच्याकडे साध्या माणसांनी लिहिलेली पत्रं. बेपत्ता झालेल्या, कैदेत असलेल्या आपल्या माणसांची चौकशी लोक तिथे करत. जरा विचार करा. एक शेतकरीण बाई कागद घेऊन बसली आहे. मुलगा कुठे आहे हे तिला विचारायचं आहे. शाळेत शिकलेला उलट क्रम तिला आठवत नाही. आठवला नाही म्हणून ती थांबली का? तिने विचारलं. जसं येत होतं तसं विचारलं. तिच्या प्रश्नाला ‘चुकीचा प्रश्न’ म्हणायला जीभ रेटत नाही. आणि आमच्या सांगलीच्या मुलीला, जिला तिन्ही प्रकार तोंडपाठ होते, तिला खिडकीशी एकही प्रश्न विचारता आला नाही, ‘पुन्हा एकदा सांगता का?’ हासुद्धा नाही. या दोघींमध्ये प्रश्न विचारायला कोण शिकलं होतं?

इथे आमच्या दुसऱ्या आणि मोठ्या आक्षेपाकडे येतो. आपण प्रश्नाचं रूप शिकवतो, विचारणं शिकवत नाही. ‘प्रश्नार्थक करा’ हा स्वाध्याय आपल्या ओळखीचा आहे. मराठीच्या तासाला आपण सगळ्यांनीच वाक्यरूपांतर केलं आहे. ‘राम आंबा खातो’चं ‘राम आंबा खातो का?’ केलं, गुण मिळाला. राम आंबा खातो की नाही याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. (हशा) ज्याच्या उत्तराची कुणाला गरज नाही, तो प्रश्न नव्हेच, तो फक्त शेवटी चिन्ह असलेला विधानाचा सांगाडा आहे. वर्गात खरे प्रश्न एकच माणूस विचारतो, तो म्हणजे शिक्षक, आणि त्यालाही उत्तर आधीच माहीत असतं.

या ठिकाणी फ्रेंच रंगभूमीवरच्या एका नाटकाची आठवण अटळ आहे, युजेन आयोनेस्कोचं ‘ला लसाँ’, म्हणजे ‘धडा’. १९५१ साली ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं, आणि १९५७पासून पॅरिसच्या ‘हुशेत’ या छोट्याशा थिएटरात त्याच्याच ‘टकली गायिका’सोबत चालू आहे. ते पहिलं नाटक त्याला सुचलं होतं इंग्रजी शिकवणारं स्वयंशिक्षणाचं पुस्तक वाचताना. त्या पुस्तकातली माणसं एकमेकांना सर्वांना ठाऊक असलेल्याच गोष्टी सांगतात, याची त्याला गंमतही वाटली आणि भीतीही.

‘धडा’मध्ये एक प्राध्यापक आहे आणि एक तरुण विद्यार्थिनी. सुरुवातीला प्राध्यापक इतका भिडस्त की प्रश्न विचारतानाही माफी मागतो. त्याचे प्रश्न विनंतीचे कपडे घालून येतात. मुलगी उत्साही, टवटवीत. बेरीज छान करते, वजाबाकी मात्र जमत नाही. हळूहळू प्राध्यापकाचा आवाज चढतो, विनंतीचे कपडे गळतात, मुलीचा दात दुखू लागतो, ती आक्रसत जाते. भाषाशास्त्राचा तास सुरू झाल्यावर तर प्रश्न उरतच नाही, हुकूम उरतो. शेवटी तो तिला सुरीने मारतो, आणि कळतं की त्या दिवशीची ही चाळिसावी. पुढच्या विद्यार्थिनीने बेल वाजवलेलीच असते.

या नाटकावर हुकूमशाहीचं रूपक म्हणून भरपूर लिहिलं गेलं आहे, ते योग्यच आहे. आम्हा भाषाशिक्षकांना मात्र त्यात जवळचं काही दिसतं. प्राध्यापक बिघडत जातो ते प्रश्नांच्या रूपात स्पष्ट दिसतं. आणि मुलीच्या वाट्याला मुख्यतः उत्तरच आलेलं आहे. तिने पहिल्याच मिनिटाला ‘हे मी का शिकायचं?’ असं विचारलं असतं तर? नाटक झालं नसतं, हे मान्य. (हशा) पण आपण वर्गात असतो तेव्हा ते नाटक न होणं हेच तर आपलं काम आहे.

आता आमच्यावर येऊ शकेल असा एक आक्षेप आम्हीच मांडतो. कुणी म्हणेल, मग उलट क्रम सोडून द्या, लोक बोलतात तेवढंच शिकवा. नाही. ते दुसऱ्या टोकाचं पाप होईल. फ्रेंच वर्तमानपत्र उघडा, कादंबरी उघडा, न्यायालयाचा कागद, विद्यापीठाचं पत्र उघडा, तिथे उलट क्रम आहेच. ‘कोमाँताले-वू?’, म्हणजे ‘कसे आहात?’, हे तर आल्याआल्या म्हणावं लागतं. शिवाय फ्रान्समध्ये बोलण्यावरून माणूस जोखला जातो. तिथला मुलगा मित्रांत ‘त्यु फॅ क्वा?’, म्हणजे ‘करतोयस काय?’, असं म्हणतो आणि प्राध्यापकाला पत्र लिहिताना दुसरी भाषा काढतो. त्याच्याकडे दोन्ही आहेत. आपल्या मुलाला एकच दिली, तर आतल्याची जी ऐट ठरते तीच बाहेरच्याची चूक ठरेल. मराठी माध्यमातून आलेल्यांना हा अनुभव पुण्या-मुंबईतही नवा नाही, प्रमाणभाषेच्या दारात त्यांनी तो घेतलेला असतो.

म्हणून आम्ही आता काय करतो ते सांगतो. क्रम उलटा केला आहे. पहिल्या आठवड्यात मराठीवरून सुरुवात करतो : ‘तू राहतोस कुठे?’, ‘त्यु आबित ऊ?’ शब्दाला शब्द. मुलांचे चेहरे उजळतात, कारण ही परकी भाषा अचानक निम्मी ओळखीची निघते. तिथेच बजावतो की हे मित्राला. मोठ्यांना ‘वुझ् आबिते ऊ?’, कारण आपल्या ‘तुम्ही’सारखाच त्यांचा ‘वू’ आदर आणि अनेकवचन दोन्ही सांभाळतो. काही शब्द मराठीचं ऐकत नाहीत, तेही सांगतो. ‘काय’ पुढे आला तर ‘क’ असतो, मागे राहिला की ‘क्वा’ होतो. ‘का’, म्हणजे ‘कशासाठी’, हा ‘पूर्क्वा’ सहसा पुढेच बसतो. दर वाक्याला ‘नेस पा?’ जोडू नका, तो आपला ‘ना’ नव्हे, आज तो बराच पुस्तकी वाटतो. ‘नाही येत का?’ असं विचारलं आणि यायचं असेल तर ‘वुई’ म्हणू नका, ‘सी’ म्हणा. आपल्या ‘येतो की!’मधलं ‘की’ जे करतं, ते ‘सी’ एकटा करतो.

मग ‘एस् क’, अनोळखी माणसासाठी. उलट क्रम शेवटी, आणि तोही आधी वाचण्यासाठी, नंतर लिहिण्यासाठी. प्रत्येक रूपासोबत एक जागा देतो : कचेरीची खिडकी, घरमालकीण, प्राध्यापकाला पत्र, वसतिगृहाचं स्वयंपाकघर. तक्ता अजून आहे, त्यात गाव आणि माणूस असे दोन रकाने वाढवले आहेत.

आणि तासाची पहिली दहा मिनिटं विद्यार्थ्यांची. त्यांनी विचारायचं, आम्ही उत्तर द्यायचं. ‘डेल्फ’च्या ‘ए वन’ परीक्षेत तोंडी भागात एक टप्पा असा आहे की उमेदवाराला शब्द लिहिलेली कार्डं मिळतात आणि त्यावरून त्यानेच परीक्षकाला प्रश्न विचारायचे असतात. परीक्षेत ज्याला जागा आहे त्याला वर्गात नसावी, हे विचित्रच होतं. पहिले काही दिवस वर्गात भयंकर शांतता असते, कारण विचारायची सवयच नाही. मग कुणीतरी विचारतं, ‘‘सर, तुमचं वय काय?’’ हरकत नाही. उत्तर खरोखर हवं असलेला तो पहिला प्रश्न असतो.

ती सांगलीची मुलगी आता तिथे रुळली आहे. मागे सुट्टीत आली तेव्हा आमच्या वर्गात येऊन बसली. नव्या मुलांपैकी एकाने तिला फ्रेंचमध्ये विचारलं, अडखळत, सरळ क्रमात, ‘तुम्ही आलात कधी?’ ती हसली आणि लगेच उत्तर दिलं. या वेळी प्रश्न ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

आमचं म्हणणं इथे संपतं. अर्धा तास राखून ठेवला आहे. आता विचारणं आपल्याकडे. कुठल्याही क्रमात चालेल. (हशा, टाळ्या)